दारिद्र्याची टक्केवारी आणि विश्लेषकाचे उत्तरदायित्व : एक चिकित्सा

सामाजिक धोरणविषयक संशोधनात आकडेवारीच्या विश्लेषकाकडे सामान्यतः हिशेबनीस म्हणून पाहिले जाते. अन्वेषक माहिती गोळा करतो, तज्ज्ञ समिती निष्कर्ष काढते आणि मधला विश्लेषक केवळ कोष्टके मांडतो, असा हा समज आहे. भारतातील दारिद्र्यमापनाचा इतिहास पाहता तो टिकत नाही.

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दरडोई दररोज २२५० उष्मांक मिळण्यास पुरेसा खर्च ही दारिद्र्याची सीमा मानली. या मांडणीवर आक्षेप पुष्कळ घेतले गेले. परंतु तिच्यातील गृहीतक वाचकाला शोधावे लागत नाही. पुढील काळातील आकड्यांविषयी तसे म्हणता येत नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ५५ वी फेरी (१९९९-२०००) या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तीत एकाच कुटुंबाला अन्नावरील खर्च मागील ७ दिवसांचा आणि मागील ३० दिवसांचा, असा दोन्ही प्रकारे विचारण्यात आला. उत्तर देणारा माणूस असे दोन आकडे नकळत एकमेकांशी जुळवून घेतो. आठवड्याचा किराणा सांगून झाल्यावर महिन्याचा तो त्याच हिशेबाने सांगतो. त्यामुळे ३० दिवसांचा खर्च फुगला, असा आक्षेप घेण्यात आला. अधिकृत दारिद्र्याचे प्रमाण मात्र १९९३-९४ मधील सुमारे ३६ टक्क्यांवरून २६.१ टक्क्यांवर आले. अँगस डीटन यांनी ज्या वस्तूंविषयीचा प्रश्न बदलला नव्हता, त्यांच्या खर्चाच्या आधारे फेरमांडणी केली आणि या घटीचा मोठा भाग खरा ठरवला. अभिजित सेन व हिमांशू यांना ती बरीच लहान आढळली. माहिती तीच होती. भेद होता तो विश्लेषकाने काय गृहीत धरले, याचा.

२००४-०५ साठीचे प्रमाण आधी २७.५ टक्के होते. तेंडुलकर समितीने २००९ मध्ये तेच ३७.२ टक्के ठरवले. एकाही घरातील चूल त्यामुळे अधिक पेटली वा विझली नाही, परंतु असे आकडे कागदावरच राहतात असे मात्र नाही. १९९७ च्या लक्ष्याधारित सार्वजनिक वितरण व्यवस्थेत राज्यांना मिळणारा कोटा १९९३-९४ च्या दारिद्र्य-अंदाजांवर बेतलेला होता. महाराष्ट्रात पिवळी शिधापत्रिका कोणाच्या हाती पडणार आणि केशरीवर कोणाला समाधान मानावे लागणार, या प्रश्नामागे अशा अंदाजांची मर्यादा उभी होती. रेशन दुकानाच्या रांगेतील बाईला स्मरणकालाचा वाद ठाऊक असण्याचे कारण नाही. विश्लेषकाला तो ठाऊक असतो, आणि टीका होते ती येथेच : अंतिम कोष्टकात टक्केवारी ठळक छापली जाते, तिच्यातील अनिश्चितता तळटीपेत जाते वा गळते.

२०१७-१८ च्या उपभोग-खर्च पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचे कारण देऊन २०१९ मध्ये रोखण्यात आले. दर्जा सदोष असेल, तर तो दोष कोठे आहे हे इतर अभ्यासकांना मूळ माहितीवरून तपासता यायला हवे होते. निर्णय जाहीर करताना ती संधी दिली गेली नाही. २०२२-२३ च्या पाहणीत ३४७ ऐवजी ४०५ वस्तू विचारल्या गेल्या, आणि एका भेटीऐवजी प्रत्येक कुटुंबाला तीन भेटी देण्यात आल्या. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र यामुळे नोंदला गेलेला वाढीव खर्च आणि प्रत्यक्षात वाढलेला खर्च वेगळे केल्याशिवाय २०११-१२ शी केलेली कोणतीही तुलना अपुरीच ठरते.