भावकीच्या गलक्यातला चित्रपट

जानेवारी २०२५मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. सनडान्सला पोचलेला हा पहिलाच मराठी चित्रपट. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला आणि परीक्षणं आली, बहुतेक कौतुकाचीच. शांत, संयत, हळुवार ही विशेषणं मात्र इतक्या वेळा आली, की चित्रपटात नेमकं काय घडतं ते त्यांच्याखाली झाकलं गेलं.

मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. गाव नगर जिल्ह्यातलं, खरशिंदे. लहानपणचा मित्र बाळ्या तिथे शेती-शेरडं बघतो, आणि दोघं एकमेकांत गुंततात. पार्श्वसंगीत नाही. विकास उर्स यांचा कॅमेरा एका जागी थांबून बघत राहतो. म्हणून चित्रपट शांत वाटतो, पण कान देऊन ऐका, त्या घरात कुणी गप्प नाही. सुतकाचं घर माणसांनी भरलेलं असतं. काय पाळायचं हे सांगता सांगता भावकी त्याच दमात पोराच्या लग्नावर येते. बाप गेला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा आपल्याकडचा रिवाज. दु:ख करायलाही आनंदला उसंत मिळत नाही.

जयश्री जगताप यांनी साकारलेली आई, सुमन, इथे खरी बघण्यासारखी आहे. मुलाचं तिला सगळं ठाऊक आहे. नातेवाइकांना मात्र ती सांगते, एका मुलीनं त्याला दुखावलं, म्हणून तो लग्नाला तयार नाही. परीक्षकांनी तिच्या स्वीकाराचं कौतुक केलं, ते रास्तच. पण कुठल्या उत्तरानं पुढचा प्रश्न थांबतो, हे तिला पक्कं माहीत आहे. शाळेत न मिळालेलं हे शहाणपण भावकीत जन्म काढून आलेलं असतं, आणि जगताप ते आवाज न चढवता, हातातलं काम न सोडता दाखवतात. या अभिनयावर स्वतंत्र लेख व्हायला हवा होता.

बाळ्याचंही तसंच. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, ही आज गावोगावची चिंता आहे. अशा वेळी स्वत:हून लग्न नको म्हणणारा पोरगा घरच्यांना किती अनाकलनीय वाटत असेल! ‘समलिंगी प्रेमकथा’ एवढंच लिहून थांबणाऱ्याला हा ताण दिसत नाही.

नगरशी नातं असलेल्या चित्रपटांच्या वाट्याला असं वरवरचं परीक्षण आधीही आलं आहे. नागराज मंजुळे आणि भाऊराव कऱ्हाडे दोघंही नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले. मंजुळेंचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तिथल्याच अभ्यासक्रमातला. त्यांच्या ‘फँड्री’वर लिहिताना नायक जब्यानं भिरकावलेल्या शेवटच्या दगडाबद्दल सगळे बोलले. कऱ्हाडेंनी ‘ख्वाडा’साठी जमीन विकली, ही हकिगत तर चित्रपटापेक्षा जास्त छापली गेली. त्या चित्रपटाच्या ध्वनीला, महावीर सब्बनवाल यांच्या कामाला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मेंढरांच्या वाड्यातली रात्र त्यात कशी ऐकू येते, यावर फारसं कुणी लिहिलं नाही. आपलं परीक्षण विषयापाशी आणि दिग्दर्शकाच्या कष्टांपाशी रेंगाळतं, कारागिरीपर्यंत पोचत नाही.

पारितोषिक मिळालं की दोष दाखवायलाही हात कचरतो. ‘साबर बोंडं’मध्ये आनंद आणि बाळ्या रानात एकटे असतात, तेव्हा चित्रपट जरा जास्तच निवांत होतो. घरातल्या प्रसंगांची धार तिथे उरत नाही. चौकटी देखण्या होत जातात, पण ही जागा कुणाच्या मालकीची, इथे अचानक कोण येऊ शकतं, ही धास्ती पातळ होते. गावात एकांत कधीच पुरता आपला नसतो, हे घरातल्या प्रसंगांत इतकं नेमकं पकडणाऱ्या दिग्दर्शकाकडून ते रानातही हवं होतं.