हीन कर्म आणि वाङ्मयाची दृष्टी

सर्वांत हीन काम कोणते, याविषयी भारतीय समाजात फारसा मतभेद कधीच नव्हता. मैला वाहणे, मेलेली जनावरे ओढणे, चामडे सोलणे, स्मशानात राबणे ही कामे तळाची, हे लहान मुलासही ठाऊक असे. मतभेद होता आणि आहे तो हे हीनत्व कोठे वसते, या प्रश्नावर. ते कामाच्या द्रव्यात आहे, की ते करणाऱ्याच्या जन्मावर लादलेल्या सक्तीत आहे, की ज्याच्या घरची घाण तो उपसतो त्या घरमालकाच्या नजरेत आहे? समाजशास्त्राला हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच तो वाङ्मयालाही आहे. कारण लेखक अशा कामाचे चित्रण करू लागला की या तीनपैकी एका उत्तराची निवड त्याच्या लेखणीने आधीच केलेली असते. त्याच्या सहानुभूतीचे मोलही त्याच निवडीवरून ठरते.

प्राचीन साहित्यशास्त्राने घाणीला रसव्यवस्थेत स्थान दिले, हे त्याच्या व्यापकतेचे लक्षण मानले पाहिजे. नाट्यशास्त्रातील आठ रसांत बीभत्साची गणना आहे. जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव. रक्तादिकांनी उत्पन्न होणारा तो क्षोभज आणि विष्ठा, कृमी इत्यादींनी उत्पन्न होणारा तो उद्वेगी, असा भेदही भरताने केला आहे. भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’तील पाचव्या अंकाचा स्मशानप्रसंग हे या रसाचे नेहमीचे उदाहरण. परंतु या सर्व विवेचनात जुगुप्सा आहे ती पाहणाऱ्याची. स्मशानात माधव येतो, पाहतो आणि निघून जातो. तेथे रोज लाकडे रचणारा, राख सावडणारा आणि सकाळी पुन्हा कामावर येणारा माणूस त्या रसचर्चेच्या परिघात येत नाही. ज्याला जुगुप्सा गिळून दिवसभर काम करायचे आहे, त्याच्या अनुभवाला बीभत्स हे नाव पुरत नाही. घाण त्याच्यापुढे दृश्य म्हणून उभी राहत नाही. ती त्याच्या कामाचा कच्चा माल असते.

पुराणकथेने या माणसाला रंगभूमीवर आणले, पण एका अटीवर. राजा हरिश्चंद्र काशीच्या स्मशानात चांडाळाचा दास होतो. क्षेमीश्वराच्या ‘चण्डकौशिका’त या कथेला नाट्यरूप मिळाले आणि पुढे अनेक भारतीय भाषांतून ती नांदली. तिचा करुण भाव सारा एका गोष्टीवर उभा आहे: ज्याने हे काम करावयाचे नव्हे तो ते करीत आहे. हीन काम ही राजाच्या सत्यनिष्ठेची कसोटी ठरते. कसोटी संपली की राजा त्यातून सुटतो, आणि ज्याची त्याने चाकरी केली तो चांडाळही अखेर प्रत्यक्ष धर्मच असल्याचे उघड होते. अशा रीतीने खरा स्मशानसेवक कथेतून दोनदा नाहीसा होतो: एकदा राजाच्या दुःखामागे आणि एकदा देवाच्या वेषांतरामागे. श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी येते ते राजासाठी. त्या घाटावर पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्यासाठी अश्रू ढाळण्याची तरतूद कथेच्या रचनेतच नाही.

हे ‘हरिश्चंद्री’ रूप आधुनिक कादंबरीतूनही सहजासहजी गेले नाही. मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही इंग्रजी कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली. लष्करी छावणीच्या शौचकूपांची सफाई करणाऱ्या बखा या तरुणाचा एक दिवस हा तिचा विषय. त्या दिवसाच्या आरंभी आनंद यांनी भारतीय वाङ्मयात अपूर्व असे काही केले आहे: त्यांनी बखाचे काम काम म्हणून दाखविले. एका शौचकूपाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याच्या हालचालींत असलेली चपळाई, खराट्याची लय, अंगातील जोम या सर्वांचे वर्णन वाचकाला प्रथम एका कुशल कामगारापुढे उभे करते. परंतु लगेच निवेदक सुचवितो की, पाहणाऱ्याला हा तरुण असल्या कामाचा वाटला नसता. तो इतरांसारखा गबाळा नाही. या एका सूचनेने हरिश्चंद्राची छाया पुन्हा पडते. बखा करुणेस पात्र ठरतो तो अपवाद म्हणून. मग जे अपवाद नाहीत, जे या कामाने खरोखरच मळले, वाकले, मद्याधीन झाले, त्यांचे काय? बखाचा बाप लाखा हा असाच एक आहे, आणि कादंबरीचा जिव्हाळा त्याच्या वाट्याला फार थोडा येतो.

कादंबरीच्या अखेरीस बखापुढे तीन मार्ग येतात: ख्रिस्ती धर्मप्रसारकाचा, गांधींचा आणि पाण्याने मैला वाहून नेणाऱ्या नव्या शौचकूपाची महती सांगणाऱ्या कवीचा. प्रस्तावनाकार ई. एम. फॉर्स्टर यांनी तिसऱ्या मार्गाला उघड पसंती दिली; देव नको, आत्मत्याग नको, देशभर नळाची शौचगृहे आणि गटारे झाली की हा प्रश्न मिटेल, असा त्यांचा आशय होता. आज हा आशावाद वाचताना मन खिन्न होते. नळ आले, गटारे आली, आणि बखाचे काम त्या गटारांत उतरले. कोरडे संडास आणि मैला वाहण्याची प्रथा यांविरुद्ध १९९३ साली कायदा झाला; २०१३ साली दुसरा, अधिक व्यापक कायदा झाला. भुयारी गटारांत मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २०२३ साली ही रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ मरणे थांबली नव्हती. यंत्राने कामाची जागा बदलली. कामगार कोणत्या वस्तीतून यायचा, हे मात्र बहुधा बदलले नाही. आनंदांच्या कादंबरीची कलात्मक मर्यादा येथे स्पष्ट होते. एका दिवसाच्या चौकटीत अपमान दाखविता येतो. वारसा दाखविणे कठीण असते.

वारसा हाच तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या ‘तोट्टियुडे मकन’ या १९४७ च्या मलयाळम् कादंबरीचा विषय आहे. नावाचा अर्थच ‘भंग्याचा मुलगा’. आलप्पुळा शहरातील इशुक्कुमुत्तू, त्याचा मुलगा चुडलमुत्तू आणि नातू मोहनन् अशा तीन पिढ्या तीत आहेत. बाप अंथरुणाला खिळतो आणि मुलगा बादली व फावडे उचलतो. ही बादली एका हातातून दुसऱ्या हातात जाणे हाच या कादंबरीचा खरा घटनाक्रम होय. चुडलमुत्तूला आपला मुलगा तोट्टी होऊ द्यायचा नाही. तो त्याला वरच्या वर्गाला शोभेलसे नाव देतो, शाळेत घालतो, पै पै साठवितो. आणि त्या एकाच ध्यासापायी आपल्या सोबत्यांची संघटना मोडण्यास नगरपालिकेच्या धन्यांना साहाय्यही करतो. तकळी त्याला क्षमा करीत नाहीत. पण त्याचा द्वेषही करीत नाहीत. एकट्याने सुटण्याची धडपड अखेर फसते, पटकी त्याला घेऊन जाते आणि मोहननच्या हाती बादली येतेच. फरक एवढाच की मोहनन् ती इतरांच्या बरोबरीने, संघर्षाच्या जाणिवेने उचलतो.

बखापेक्षा चुडलमुत्तू अधिक अस्वस्थ करतो, याचे कारण तो उदात्त नाही. तो हिशेबी आहे, भित्रा आहे, प्रसंगी दगाबाज आहे. आणि तरीही त्याच्यावर अन्याय होत आहे, हे वाचकाला मान्य करावेच लागते. अन्यायाची जाणीव होण्यासाठी पीडित माणूस सद्गुणी असावा लागतो, ही वाचकाची जुनी सवय तकळींनी मोडली. शिवाय त्यांच्या कादंबरीत मजुरी आहे, ओव्हरसियर आहे, नगरपालिकेचा अध्यक्ष आहे. काम कोण करतो याबरोबर ते कोण करवून घेतो, हेही पानापानांवर दिसते.

मराठीत या दृष्टीने अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातलं सोनं’ ही कथा एकाकी उभी आहे. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो, उपनगरातील खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते आणि तो चितेच्या राखेत सोने शोधू लागतो. पुढे तो पुरलेली प्रेते उकरतो आणि रात्रीच्या अंधारात कोल्ह्यांशी झुंजतो. शास्त्रकारांच्या दृष्टीने बीभत्साची सर्व सामग्री येथे सिद्ध आहे. पण अण्णा भाऊंचा भीमा त्या स्मशानात कारागिरासारखा वावरतो. कोठे शोधावे, कसे उकरावे, हे त्याचे ज्ञान आहे. म्हणूनच जुगुप्सेला वाचकाच्या मनात फार काळ थारा मिळत नाही. तिची जागा एक जीवघेणी उत्कंठा घेते. प्रेताच्या जबड्यात अडकून भीमाची बोटे जातात आणि त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. पहाड फोडणारी बोटे गेलेला तो आडदांड गडी लहान मुलासारखा रडतो. हा शेवट केवळ दैवाचा उपरोध नव्हे. लेखकाने येथे दोन कामे एकाच हाताच्या मापाने मोजली आहेत. खाणीतले काम कष्टाचे आणि जोखमीचे होते. तरी ते गेल्याचे भीमाला दुःख आहे, कारण त्यात त्याचे सामर्थ्य कारणी लागत होते. हीन काम कोणते, याचे भीमाकडून मिळणारे उत्तर शास्त्राच्या उत्तराहून निराळे आहे: जे माणसाला अंगच्या बळाच्या योग्य उपयोगापासून तोडते ते.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली या प्रश्नाची आणखी एक बाजू उघडी केली. गावगाड्यातील महारकीच्या कामांना वेळापत्रक नव्हते. मेलेले जनावर ओढणे, मृत्यूची वार्ता गावोगाव पोचविणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, असे जे पडेल ते काम. आणि त्याचा मोबदला म्हणून खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. या वाट्याला हक्क म्हणत, आणि तो मागताना पदर पसरावा लागे. कामाची मजुरी भिक्षेच्या रूपाने मिळणे, हे हीनत्वाचे सर्वांत सूक्ष्म रूप होय. मुंबई राज्यात कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा या व्यवस्थेचा कायदेशीर आधार गेला. पवारांनी पुस्तकाला तिचेच नाव दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. लेखकाच्या वाट्याला आलेले दुःखही बलुतेच ठरते. तेही न मागता पदरात पडलेले असते.

हीन काम पवित्र ठरवून त्याचे हीनत्व घालविता येईल, असेही एक मत या देशात प्रभावी होते. गांधींनी १९३६ साली ‘हरिजन’ साप्ताहिकात आदर्श भंग्याचे चित्र रेखाटले. डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या गौरवावर कठोर टीका केली. ज्यांना ते काम सक्तीने करावे लागते त्यांच्यापुढे त्याचे स्तोत्र गाणे ही त्यांची थट्टाच आहे, असा त्यांचा रोख होता. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या प्रबंधातही जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा मुद्दा त्यांनी मांडला होता. गांधीविचाराच्या बाजूनेही एक निराळा आवाज होता. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून आग्रह धरला, आणि पुढे गोपुरीत संडासाची रचनाच बदलण्याचा उद्योग केला. ज्याने स्वतः हाती खराटा घेतला त्याचे लक्ष स्तोत्राकडून साधनाकडे वळले, यात नवल नाही. वाङ्मयातही हेच घडते. कामाचे बारकावे ज्याला ठाऊक आहेत तो लेखक त्याचे उदात्तीकरण सहसा करीत नाही.

या सर्व उदाहरणांवरून समीक्षेला तीन प्रश्न हाती लागतात. कलाकृतीत हीन काम क्रिया म्हणून दिसते, की केवळ दैन्याची पार्श्वभूमी म्हणून? ते करणारा माणूस सद्गुणाची सनद दाखविल्याशिवाय वाचकाच्या न्यायबुद्धीला आवाहन करू शकतो का? आणि त्या कामाचा लाभ घेणारा कलाकृतीच्या आत आहे, की बाहेर आरामात बसला आहे? आनंद पहिल्या प्रश्नाला उतरतात, दुसऱ्यापाशी अडखळतात. तकळी तिन्हींना उतरतात. अण्णा भाऊ पहिल्या दोहोंना अशा तीव्रतेने भिडतात की तिसऱ्याची उणीव वाचकाला जाणवतच नाही. प्रेमचंदांच्या ‘दूध का दाम’ या कथेत जमीनदाराच्या मुलाला अंगावर पाजणारी भुंगी त्याच घरची मोरी साफ करताना साप चावून मरते. तेथे हा तिसरा प्रश्न एका घटनेत उभा राहतो: दूध चालते, हात चालत नाही.

भुयारी गटारात उतरणाऱ्या आजच्या कामगारावर या तोडीची कादंबरी मराठीत अद्याप झालेली नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’ या चित्रपटात मात्र एका साक्षीत क्षणभर तो कामगार दिसतो. गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकी. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. त्याची विधवा हे सांगते तेव्हा तिचा स्वर कोरडा असतो, आणि न्यायालय ते नोंदवून पुढील प्रश्नाकडे वळते. त्या खड्यात एक पूर्ण शास्त्र आहे: अनुभवाने सिद्ध झालेले, पिढीजात, आणि कोणत्याही विद्यापीठात न शिकविले जाणारे. ते शास्त्र ज्याला अवगत होते तो माणूस त्याच गटारात मेला, हेही त्या साक्षीतच आहे. बीभत्साच्या जुन्या व्याख्येत या खड्याला जागा नाही. ती जागा करून देणे हे लेखकाचे काम आहे. आणि लेखकाने ती केली की नाही, हे विचारणे समीक्षकाचे.