तळ्याच्या दोन कहाण्या

गेल्या श्रावणात आमच्या मातोश्री गावाहून येथे बंगळूरास आल्या होत्या. शुद्ध सप्तमीच्या सकाळी त्यांनी विचारले, "अरे, तुमच्या या शहरात तळं कुठं आहे?" नऊ वर्षे येथे नोकरी करूनही या प्रश्नाचे उत्तर आम्हांस चटकन देता आले नाही. वसाहतीपासून पायी वीस मिनिटांवर एक तळे निघाले. काकडीच्या पानावर दहीभात बांधून आम्ही मायलेक तेथे गेलो, तो भोवती लोखंडी कुंपण, फाटकास कुलूप आणि पूजासाहित्य आत नेण्यास मनाई असल्याचा फलक. रखवालदार सौजन्याने वागला. निर्माल्याने पाणी नासते, हे त्याचे म्हणणे रास्तच होते. मातोश्री परत आल्या, परातीत पाणी घेऊन पूजा केली आणि शिळासप्तमीची कहाणी वाचली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हा प्रसंग सांगितला, तेव्हा धारवाडकडील आमचे एक सहकारी म्हणाले, "अहो, ही तर आमच्या भागीरथीची गोष्ट!" त्यांनी मग डब्याच्या सुटीत 'केरेगे हार' या प्रसिद्ध कन्नड लोकगीताचा अर्थ आम्हांस कडव्याकडव्याने सांगितला. नावाचा अर्थ 'तळ्याला बळी'. या दोन रचना शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न मराठीत आमच्या पाहण्यात नाही. तो येथे यथामति करीत आहोत.

आपली कहाणी वाचकांस ठाऊकच आहे. राजा गाव वसवितो, तळे बांधतो, तळ्यास पाणी लागत नाही. जलदेवता सुनेचा वडील मुलगा मागतात. सून कबूल होणार नाही हे जाणून राजा तिला माहेरी धाडतो आणि तिच्या पश्चात नातवास न्हाऊ-माखू घालून तळ्यात निजवितो. तळे भरते. सून परत येते, भरले तळे पाहून तिला सप्तमीचा वसा आठवतो, ती वाण देते आणि बुडालेले मूल तिचा पाय धरते. कन्नड गीतात कल्लनकेरीचा मल्लनगौड केरे खणवितो. तेथेही पाणी नाही, आणि ज्योतिषी सून द्यावयास सांगतो. थोरली दिल्यास वडीलकीस बाध येईल, म्हणून धाकट्या भागीरथीवर निर्णय येतो. (आम्हां कारकुनांस येथे सेवाज्येष्ठतेची यादी आठवल्यावाचून राहिली नाही.) तिला फसवावे लागत नाही, कारण तिला सारे कळलेले असते. ती आपणहून माहेरी जाते, आईबापांपासून खरे कारण लपविते आणि परत येऊन घरच्यांबरोबर पूजेस निघते. पूजा आटोपून सारे फिरतात, तोच सोन्याची वाटी मागे राहिल्याचे ध्यानात येते. ती आणावयास भागीरथी पायऱ्या उतरते आणि पाणी तिच्या पावलांपासून वर वर चढत जाते. लष्करात असलेला तिचा नवरा घोड्यावरून धावत येतो, घरोघर विचारीत फिरतो आणि शेवटी त्याच तळ्यात उडी घेतो.

दोन्हींत माहेर आहे, हे प्रथम नजरेत भरते. पण आपल्या कहाणीतले माहेर म्हणजे सुनेस दूर ठेवण्याची युक्ती. कन्नड गीतातले माहेर ही तिची शेवटची, निष्फळ फेरी. आईबापांसमोर तिच्या तोंडून सत्य न वदविणारा तो अज्ञात कवी फार मोठा असला पाहिजे. आपल्या कहाणीस व्रताचे माहात्म्य सांगावयाचे असल्यामुळे 'सुफळ संपूर्ण' होणे भाग आहे. मूल परत येते, राजा आनंदतो आणि त्याच्या कृत्याचा हिशेब कोणी मागत नाही. कलाकृती म्हणून आम्ही कन्नड गीतास निःसंशय वरचे स्थान देतो. ते गौडास क्षमा करीत नाही आणि श्रोत्यासही सुटू देत नाही.

अशा कथांकडे स्त्रीच्या छळाची साक्ष म्हणून पाहिले जाते, ते योग्यच आहे. परंतु आमच्या मनात एक कोरडा, कचेरीतला प्रश्न उरतो : मुळात पाणी का लागले नाही?

हा प्रश्न बंगळूरात राहिल्यावाचून आम्हांस सुचला नसता. 'तळे' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आपोआप साचलेला जलाशय येतो. कन्नड 'केरे' ही वस्तू बांधलेली आहे. या शहराजवळ मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या कण्यावर ते वसलेले आहे आणि पावसाचे पाणी हेब्बाळ, कोरमंगल-चल्लघट्ट व वृषभावती या तीन खोऱ्यांत उतरते. त्या उतारांना आडवे बांध घालून केरे झाले. वरच्याचे पाणी 'कोडी'वरून म्हणजे सांडव्यावरून ओसंडले, की 'राजकालुवे' नावाच्या ओढ्याने खालच्या केऱ्यास मिळते. 'तूबु' म्हणजे पाणी सोडण्याचे दार. ते उघडणारा व शेतांना पाळीपाळीने पाणी वाटणारा माणूस तो 'नीरगंटी'. धुळ्याकडील फड पद्धतीतला पाटकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हा परका वाटणार नाही. तेव्हा नुसता खड्डा खणून केरे भरत नाही. वरचा ओढा मोकळा आहे का, गाळ उपसला आहे का, हे पाहावे लागते. राजा आणि गौड यांनी ते पाहिले होते काय? कथा याबद्दल मौन बाळगते. ज्याने खणले त्याच्याकडून दोष सरकतो आणि घरात जिचा आवाज सर्वांत लहान, तिच्यावर येऊन पडतो. दोन्ही रचनांचे मर्म आमच्या मते या सरकण्यात आहे.

बंगळूरची स्वतःचीही अशी दंतकथा आहे. केंपेगौडाच्या किल्ल्याचा दरवाजा टिकेना, म्हणून त्याची सून लक्ष्मम्मा हिने प्राण दिले, असे सांगतात. तिचे स्मारक कोरमंगलात आहे. त्याच कोरमंगलाच्या तळ्याच्या जागी १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी घरे उठली. धर्मांबुधी केऱ्यावर आज मुख्य बसस्थानक आहे. संपंगी केऱ्यावर कंठीरव क्रीडांगण आहे. तिगळ समाजाच्या करग उत्सवापुरते एक लहानसे चौकोनी कुंड मात्र तेथे राखले आहे. तळ्यासाठी माणूस देण्याची कथा गाणाऱ्या प्रांताच्या राजधानीने बसगाड्यांसाठी व खेळासाठी तळी दिली, आणि ती देताना भाजीपाला पिकविणारे, कपडे धुणारे, वीटभट्टीवाले यांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही. भागीरथीस निदान कळले तरी होते.

१९७४ साली कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून उपसून आले आणि तळ्यांवाचून शहराचे अडेनासे झाले. ओढ्यांतून सांडपाणी वाहू लागले. आम्ही राहतो त्या भागाचे सारे सांडपाणी शेवटी बेळ्ळंदूर तळ्याकडे जाते. या तळ्याचा फेस रस्त्यावर उडाला आणि त्यास अनेकदा आग लागली. जानेवारी २०१८ मधील आग विझविण्यास सुमारे ५,००० जवान लागले. पाण्यास आग लागते, ही कल्पना कोणा कहाणीकारासही सुचली नसती. या जळत्या तळ्यात आमच्या घरच्या मोरीचाही वाटा होता, हे आम्हांस मातोश्रींच्या प्रश्नानंतर शोध घेतल्यावर कळले. आमच्या मंडळाच्या हस्तलिखितात दर वर्षी जॅकरंडाच्या निळ्या सड्यावर दोन-तीन कविता येतात. एक आमचीही आहे. ती आता वाचवत नाही.

तळी सुधारण्याचे काम अलीकडे पुष्कळ झाले आहे. त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण पुष्कळ ठिकाणी काठाने फरसबंद वाट, बाके, रंगीत दिवे होतात आणि वरचा ओढा तसाच राहतो. ही त्या राजाचीच रीत झाली. याउलट जक्कूरला शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी पाणवनस्पतींच्या दलदलीतून गाळून तळ्यात घेतले आहे, म्हणजे पाणी कोठून येणार हा प्रश्न प्रथम सोडविला गेला, आणि मासेमारही तेथे टिकून आहेत. सर्जापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळीस २०१० च्या आगेमागे रहिवासी व महापालिका यांनी मिळून तळे सावरले. तेथे गुरांसाठी गवत कापणाऱ्यांना हाकलले नाही, आणि मूर्तिविसर्जनासाठी निराळे कुंड केले. धाकटीस न देता तळे भरू शकते, याचे हे दोन पुरावे आम्ही रविवारी बसने जाऊन प्रत्यक्ष पाहिले. कैकोंड्रहळ्ळीच्या काठावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई व पळावयास आलेले दोघे तरुण एकाच वाटेवर समोरासमोर आले. वाट तरुणांनी दिली.

आमच्या सहकाऱ्यांनी सांगितलेले गीत आम्ही देवनागरीत उतरून घेतले आहे. काही शब्दांचे अर्थ अद्याप लागलेले नाहीत. बेळगाव, विजापूर, सोलापूर या भागांत, जेथे जात्यावर दोन्ही भाषा चालत, तेथे भागीरथीची मराठी ओवी कोणाच्या घरी गाइली जात असल्यास वाचकांनी ती संपादकांकडे कृपया पाठवावी. विशेषतः वाटी विसरल्याचा प्रसंग मराठीत कसा येतो, हे पाहण्याची आम्हांस उत्कंठा आहे. मातोश्री म्हणतात, त्यांच्या आजोळी असे काहीसे गात असत, पण त्यांना शेवट आठवत नाही.