'फाकुंदो' ग्रंथातील कौदियो : एक पुनर्विचार

स्पॅनिश भाषेतील 'कौदियो' ह्या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. सरदार, पुढारी आणि धनी ह्या तिन्ही शब्दांच्या छटा त्यात एकवटल्या आहेत. शस्त्रबळाने सत्ता मिळविणारा, परंतु अनुयायांच्या वैयक्तिक निष्ठेवर ती टिकविणारा नेता, असा त्याचा रूढ अर्थ होय. विसाव्या शतकात स्पेनच्या फ्रँकोने हीच पदवी धारण केली आणि आपण ईश्वरकृपेने स्पेनचे कौदियो आहोत असे नाण्यांवरही कोरविले. तथापि ह्या संकल्पनेची सर्वांत प्रभावी मीमांसा स्पेनमध्ये झाली नाही. ती अर्जेंटिनाच्या दोमिंगो सार्मियेंतोने चिलीतील निर्वासनात, 1845 साली, एका वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध केली.

'फाकुंदो'चा नायक ला रियोहा प्रांताचा कौदियो फाकुंदो किरोगा हा असला, तरी लेखकाचा रोख दुसऱ्यावरच आहे. किरोगाचा 1835 मध्ये बार्रांका याको येथे वध झाला होता. ब्वेनोस आयरेसचा रोसास मात्र सत्तेवर होता. सार्मियेंतोचा सिद्धान्त असा, की अफाट पंपा मैदान, विरळ वस्ती आणि नागरी जीवनाचा अभाव ह्यांतून केवळ धाडसाला मान देणारा गाउचो घडतो व त्याच्यातून कौदियो. नगर म्हणजे संस्कृती, मैदान म्हणजे रानटीपणा. (ज्या पंपाचे इतके प्रत्ययकारी वर्णन ग्रंथात आहे, ते मैदान लेखकाने तोवर पाहिलेही नव्हते.)

हा सिद्धान्त रोसासपाशी येताच डळमळतो. रोसास मोठा जमीनदार खरा. पण त्याच्या सत्तेचा आधार ब्वेनोस आयरेसचे बंदर आणि तेथील जकातीचे उत्पन्न हा होता. किरोगात जे उपजत होते त्याची रोसासने पद्धती बनविली, हे सार्मियेंतोचे निरीक्षण मार्मिक आहे. पण पद्धती नगरातच का उभी राहिली, ह्याचे उत्तर तो देत नाही. 1852 मध्ये कासेरोसच्या लढाईत रोसासचा पाडाव केला तोही उर्किसा ह्या दुसऱ्या कौदियोनेच.

ग्रंथाचे सामर्थ्य सिद्धान्तात नाही, आख्यायिकांत आहे. त्यांतील एक मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. तुकडीत चोरी झाली असता किरोगा प्रत्येक शिपायाला सारख्या लांबीची काठी देतो आणि उद्या चोराची काठी वाढलेली असेल असे सांगतो. भ्यालेला चोर आपली काठी छाटतो व सापडतो. आपल्याकडे हीच गोष्ट बिरबलाच्या चातुर्याची म्हणून मुलांना सांगितली जाते. सार्मियेंतो तिच्यात अडाणी लोकांवरील वर्चस्वाचे साधन पाहतो. परंतु जी कथा एका भूमीत शहाण्या न्यायाधीशाची ठरते, ती दुसऱ्या भूमीत रानटीपणाचा पुरावा कशी होते? किरोगाचे अनुयायी त्याला केवळ भीत नव्हते. न्याय त्याच्याकडून मिळेल असे त्यांना वाटत होते. स्पेनची राजसत्ता कोसळल्यावर दूरच्या प्रांतांत न्यायासाठी आणि संरक्षणासाठी जावे अशी दुसरी जागा क्वचितच उरली होती. कौदियोचे हे मूळ लेखकाच्या आख्यायिकांत दिसते, त्याच्या विवेचनात दिसत नाही. ग्रंथारंभी तो किरोगाच्या छायेलाच आवाहन करून देशाचे रहस्य विचारतो. केवळ तिरस्करणीय माणसाला असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

पुढील चरित्र ह्या विसंगतीवर प्रखर प्रकाश टाकते. किरोगाच्या हाताखाली लढलेला पेन्यालोसा 1863 मध्ये शरण आल्यावर ओल्ता येथे मारला गेला व त्याचे शिर भाल्यावर टांगण्यात आले. त्या वेळी सान हुआनचा गव्हर्नर असलेल्या सार्मियेंतोने त्या कृत्याला पत्रातून अनुमोदन दिले. 1868 मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. पेन्यालोसाचेही चरित्र त्याने लिहिले. त्यात 'फाकुंदो'तील मोहिनी उरलेली नाही, शासकाचे समर्थन तेवढे आहे.