मातीचे भांडे : पाहण्याचे की वापरण्याचे?

चित्राची समीक्षा होते, शिल्पाची होते. कपाची किंवा वाडग्याची मात्र सहसा होत नाही. ज्या वस्तूला आपण रोज ओठ लावतो, तिच्याविषयी गांभीर्याने लिहावे असे जाणकारांना क्वचितच वाटते. आमच्या वडोदऱ्यात तरी असे होऊ नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापन केले, ते हाताच्या कसबाला विद्येचा मान मिळावा म्हणून. पुढे १९५० साली विश्वविद्यालयात ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि तेथे चित्र-शिल्पांबरोबर मृत्तिकापात्रांचेही शिक्षण रुजले.

त्या शिक्षणाशी ज्योत्स्ना भट्ट यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. कच्छमधील मांडवी येथे १९४० साली त्यांचा जन्म झाला. वडोदऱ्यात शंखो चौधुरी यांच्या हाताखाली त्या शिल्पकला शिकल्या आणि अमेरिकेत ब्रुकलिन येथे मृत्तिकाकलेचे शिक्षण घेऊन परतल्या. १९७२ पासून २००२ पर्यंत त्यांनी येथे अध्यापन केले. २०२० साली त्या निवर्तल्या. त्यांची मांजरे, घुबडे आणि बदके रसिकांना परिचित आहेत. परंतु आमच्या मते त्यांची खरी थोरवी ताटांत आणि वाडग्यांत दिसते. त्यांनी भडक चकाकी टाळली. शेवाळी, निळसर, मातकट असे मंद रंग आणि रेशमी पोताची झिलई त्यांनी पसंत केली. असा वाडगा पाहणाऱ्याला हटकत नाही. आत वाढलेल्या पदार्थाला तो पुढे येऊ देतो. घरगुती भांड्याचा हा पहिला गुण होय.

दुसरे गुण डोळ्यांना नव्हे, हाताला कळतात. भरलेला कप उचलल्यावर मनगटाला ओढ बसते काय? कानात बोटे सुखाने शिरतात काय? काठ ओठाला जाड लागतो की धारदार? बूड नीट घासलेले आहे, की मेजावर ओरखडे उठतात? स्टोनवेअर सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजले जाते, तेव्हा माती घट्ट होते आणि पाणी शोषत नाही. कमी आचेवर भाजलेली माती सच्छिद्र राहते. तिच्यावरील झिलईला बारीक जाळीदार तडे गेले, तर त्यांतून आमटी आत झिरपते आणि हळदीचा डाग कायमचा बसतो. झिलईत शिसे असेल तर आंबट पदार्थ तिच्यात ठेवणे घातकच. आमच्या आज्यांनी लोणच्यासाठी पितळेऐवजी चिनी मातीची बरणी निवडली, त्यामागे हाच व्यवहारी विवेक होता. आजच्या प्रदर्शनांतून देखणी भांडी विकत घेऊन महिन्याभरात फडताळात ढकलण्याची पाळी आमच्यावर दोनदा आली आहे. त्यांचे रंग सुंदर होते. पण ती भांडी म्हणून अपुरी होती.

परंतु भांड्याची परीक्षा एवढ्यावर संपत नाही. ते कोणाच्या हातात दिले जाते, हेही पाहावे लागते. आमच्या जुन्या घरांच्या मागीलदारी एक कोनाडा असे. त्यात कान तुटलेला कप आणि टवका उडालेली बशी पालथी घातलेली असे. कामाला येणाऱ्या बाईला त्या कपात वरून, न शिवता चहा ओतला जाई. तिने तो पिऊन, विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवावा अशी रीत होती. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या हातांनीही तसा चहा ओतला आहे, आणि त्यात काही गैर आहे असे त्या वयात आम्हांला वाटले नाही.

तो कप कोनाड्यात कसा पोहोचत असे, याचा विचार करता एक गोष्ट ध्यानात येते. कारखान्यात घडलेल्या सहा एकसारख्या कपांच्या संचातील एकाचा कान गेला, की तो संचाबाहेर पडे. आणि बाहेर पडलेला कप बाहेरच्या माणसासाठी राखला जाई. चाकावर हाताने घडवलेल्या सहा कपांत दोन तंतोतंत सारखे नसतात. एकाचे पोट किंचित फुगीर, दुसऱ्यावर बोटांची वलये ठळक. तेथे वेगळेपण हा दोष उरत नाही. भांड्यामुळे माणूस सुधारतो असा आमचा दावा नाही. कोनाडा रिकामा व्हायला मनच बदलावे लागते. तथापि हाताने घडवलेल्या भांड्यांचा धर्म त्या बदलाला अनुकूल आहे, एवढे म्हणता येईल.

म्हणूनच आजच्या प्रवाहाविषयी आमची तक्रार आहे. जपानमध्ये सोएत्सु यानागी यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अनाम कारागिरांच्या रोजच्या भांड्यांतील सौंदर्याची बाजू मांडली. त्यांचे सहकारी कुंभार शोजी हामादा यांनी पुढे आपल्या भांड्यांवर सही करणे सोडून दिले. आज आपल्याकडे मात्र बुडाखालची सही आधी पाहिली जाते आणि किमतीमुळे भांडे काचेच्या कपाटात जाते. कारागिराला श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो घेणाऱ्याशी. पूर्वी आपण हलका कप इतरांसाठी वेगळा काढत होतो, आता भारी कप पाहुण्यांसाठी वेगळा काढतो. वेगळे काढण्याची खोड तीच आहे.

आमच्या घरी हातघडणीचे सहा कप होते. एक फुटला, पाच उरले. सकाळी कामाला येणाऱ्या मावशी हाताला येईल तो घेतात. त्यांना जाड बुडाचा, हिरवट झिलईचा कप अधिक आवडतो, कारण त्यात चहा उशिरापर्यंत गरम राहतो. त्यांनी सांगितल्यावर आम्हीही तो वापरून पाहिला. त्यांची पारख अचूक आहे.