तृतीया प्रकृति : एका भाषांतराची चिकित्सा

कामसूत्राचें बर्टनच्या नांवानें ओळखलें जाणारें इंग्रजी भाषांतर इ. स. १८८३ त निघालें. त्यांत 'तृतीया प्रकृति' या पदाचा अर्थ खच्ची केलेला पुरुष असा केला आहे. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. मूळच्या 'औपरिष्टक' प्रकरणांत वृषणच्छेदाचा उल्लेखच नाहीं. तेथें या प्रकृतीचे दोन भेद सांगितले आहेत : स्त्रीरूपिणी स्त्रीचा वेष व हावभाव धारण करिते, पुरुषरूपिणी पुरुषासारखी राहून पुरुषाविषयींचा अभिलाष गुप्त ठेविते. पहिल्या भेदांत मनुष्याचें रूप प्रधान, दुसऱ्यांत त्याच्या मनाची ओढ. अर्वाचीन शास्त्रही या दोन गोष्टी भिन्न मानितें; भाषांतरानें मात्र दोन्ही एका शब्दांत बुडविल्या.

हा केवळ शब्दवाद नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत तोच इंग्रजी शब्द घालून हिजड्यांची नोंदणी करण्याची तरतूद झाली. मराठी अमलांत हिजड्यांकडे इनामें व भिक्षेचे हक्क होते आणि ते पुढें इंग्रज सरकारनें मोडले, हें प्रेस्टन यांनीं १९८७ त दाखविलें आहे. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. तेव्हां नाशिक व अन्य ठिकाणच्या संग्राहकांस आमची विनंति कीं, असे कागद हातीं येतील तेव्हां यादींत मूळ शब्दच उतरावा. 'नपुंसक' म्हणून पुसूं नये.