दात्याचे कागद आणि इतरांची नावं

दानशूर माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या भिंतीवरची संगमरवरी पाटी येते. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ वगैरे. समलिंगी किंवा तृतीयपंथी लोकांसाठी ज्यांनी पदरमोड केली, त्यांची पाटी कुठे दिसत नाही. आणि लावलीच, तर ज्यांच्यासाठी दिलं तेच लोक त्या दारातून आत यायला घाबरतील. म्हणून अशा व्यक्तीवर काम करायचं ठरवलंत, तर पाटी शोधू नका, कागद शोधा.

आता तुम्ही विचाराल, कागद असतात तरी कुठे? अमेरिकेत उत्तर सोपं आहे. जेम्स हॉर्मेल हे मांस-उद्योगातल्या श्रीमंत घरातले, उघडपणे समलिंगी असलेले गृहस्थ. 1999 मध्ये ते लक्झेंबर्गचे राजदूत झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांच्या देणगीतून एक संग्रह-केंद्र उभं राहिलं, तेही शहराच्या मुख्य ग्रंथालयातच. पैसा होता, ग्रंथपाल होते, पेट्या ठेवायला जागा होती.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर मी बिंदुमाधव खिरे यांचं घेईन. योगायोग असा की तेही सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात होते, पण संगणक अभियंता म्हणून नोकरीला. तिथे दक्षिण आशियाई समलिंगी लोकांच्या ‘त्रिकोण’ या गटाशी त्यांचा संबंध आला. मग परत येऊन, अशोक राव कवींच्या हमसफर ट्रस्टमध्ये कामाची ओळख करून घेऊन, 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट. डिसेंबर 2011 मध्ये पुण्याची पहिली प्राइड मिरवणूक. त्यांनी दिलं ते गडगंज संपत्तीतून नाही. हातची कारकीर्द, वेळ आणि मराठीतली पुस्तकं हेच त्यांचं देणं. म्हणून ‘फिलांथ्रॉपिस्ट’ हा शब्द त्यांना लावताना जरा थांबा. लागू पडतो, पण त्याचा अर्थ आपल्याला वाढवून घ्यावा लागतो.

त्यांचं लेखन ‘कागदपत्र’ म्हणून वाचायला घेतलं की गंमत सुरू होते. ‘पार्टनर’ ही 2005 ची कादंबरी रोजनिशीच्या रूपात आहे. वाङ्मयीन निकष लावलात तर भाषा सपाट वाटेल, प्रसंग कुठे कुठे माहितीपुस्तिकेसारखे वाटतील. माझं मत विचाराल तर हा सपाटपणा तिच्या कामाचाच भाग आहे. जयसिंगपुरातल्या एखाद्या गल्लीत, दार लावून वाचणाऱ्या विशीतल्या मुलाला प्रतिमा नको होत्या. त्याला स्वतःसाठी शिवी नसलेला शब्द हवा होता. आणि तारीख विसरू नका. 2005 मध्ये कलम 377 पूर्ण लागू होतं. दिल्ली उच्च न्यायालयाचा दिलासा 2009 चा, तो सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला 2013 मध्ये आणि शेवटी सुटका झाली 6 सप्टेंबर 2018 ला. ज्या काळात प्रेम हा गुन्हा होता त्या काळातली रोजनिशी, काल्पनिक का असेना, एका अर्थी साक्षच आहे. खऱ्या रोजनिशा लोकांनी लिहिल्याच नाहीत, किंवा लिहून जाळल्या.

मला जास्त मोलाचं वाटतं ते ‘मनाचिये गुंती’. त्यात पालक आणि नातेवाईक बोलतात. या विषयात आई-बापांचा कागद फार दुर्मीळ असतो.

पण टीकाही करायला हवी. समपथिकची सुरुवात पुरुषांसाठीचं काम म्हणून झाली. साहजिकच त्या कामाच्या कागदांतून बाई शोधायला गेलात तर हाती थोडंच लागेल. त्यासाठी मुंबईच्या लेबिया गटाचं ‘स्क्रिप्ट्स’ बघा. दुसरं म्हणजे भाषा. ‘एमएसएम’ हा शब्द एचआयव्हीच्या प्रकल्पांतून आला. निधी देणारा जे मोजायला सांगतो तेच अहवालात उतरतं. किती जणांना भेटलो, किती तपासण्या झाल्या. माणूस रडला होता का, हे रकान्यात बसत नाही. आणि आपल्या भागात सौंदत्तीला जाणारे जोगते पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ते ना ‘गे’ म्हणवतात ना ‘एमएसएम’. म्हणून ‘पार्टनर’च्या शेजारी राजन गवस यांची ‘भंडारभोग’ ठेवून वाचा. पुण्याच्या मध्यमवर्गीय खोलीत काय मावत नाही, ते लगेच कळेल. तिसरं, पुण्याच्या मिरवणुकीत ‘सभ्य’ पोशाखाचा आग्रह धरला गेला आणि त्यावर समुदायातूनच टीका झाली. चरित्र लिहिताना हे गाळू नका. दाता जे देतो त्यासोबत अटीही देतो, हे सगळ्या दानाला लागू आहे.

जवळचं बघायचं असेल तर सांगलीला जा, जयसिंगपूरहून अर्ध्या तासात पोचाल. संग्राम संस्था 1992 पासून तिथे आहे आणि तिच्या आसऱ्याने उभा राहिलेला ‘मुस्कान’ हा गट समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीयांचा आहे. पण लवकर जा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाच्या पुस्तकांचं काय झालं हे आठवत असेलच. मोठ्या वाचनालयाची ही गत, तर शिरोळ तालुक्यात कुणाच्या माळ्यावरच्या, ट्रंकेतल्या पत्रांचा काय भरवसा? बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये ‘कमरा’ नावाचा समलिंगी-तृतीयपंथी चळवळीचा संग्रह आहे. घरच्यांना तो पर्याय सांगता येतो.

आणि समजा, पेटी मिळाली. तुम्हाला आनंद होईल, होऊ द्या. पण त्यातली पत्रं दात्याची नसतात, दात्याला आलेली असतात. लिहिणारा आज कुठेतरी शिक्षक असेल, नातवंडं असलेला आजोबा असेल. जयसिंगपूरसारख्या गावात ‘सातव्या गल्लीतला, बँकेत असलेला’ एवढं लिहिलंत तरी माणूस ओळखू येतो. नाव बदलणं पुरत नाही. गल्ली, नोकरी, वर्ष, तिन्ही सैल करावी लागतात. दात्याच्या वारसाने संमती दिली म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने दिली असं होत नाही, हे तुमच्या मार्गदर्शकांना पटवावं लागेल. सारांशिका लिहायच्या आधीच त्यांच्याशी बोला. कारण एकदा परिशिष्टात नावं छापली गेली आणि प्रबंध शोधगंगेवर चढला की तो खाली उतरवणं तुमच्या हातात राहत नाही.